दुकान बसेल म्हणून

प्रोफेसर राममूर्तींच्या विषयाला लेखी परीक्षा नव्हती, त्यामुळे सुरुवातीला वर्गात आनंदाचं वातावरण होतं. मग त्यांनी काम सांगितलं. कोणताही एक कामगार निवडायचा, कायद्याने त्याला दिलेला कोणताही एक हक्क निवडायचा, आणि सत्र संपायच्या आत तो कामगार तो हक्क वापरतोय हे त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं.

“मिळालाय असं नको,” ते म्हणाले. “मिळालेले हक्क भिंतीवर चिकटवलेले असतात. भिंती मी पुष्कळ पाहिल्यात. वापरताना दाखवा.”

“आणि त्याने नाही वापरला तर, सर?” मागून कोणीतरी विचारलं.

“तर पुढच्या वर्षी परत भेटू. मला तुमची सवय झालेलीच आहे.”

तनयाला काम सोपं वाटलं. कायद्याकडे येण्याआधी ती केमिस्ट्री शिकली होती. तिथे द्रावणाचा रंग बदलेपर्यंत थेंब थेंब टाकत राहायचं असतं. रंग बदलला की तोटी बंद करायची आणि आकडा लिहायचा. तिने ठरवलं, सापडेल तितका लहान हक्क घ्यावा, म्हणजे थेंब कमी लागतील.

सगळ्यात लहान हक्क तिला दुकानांच्या कायद्यात सापडला. तमिळनाडूत दुकानात काम करणाऱ्या माणसाला बसायचा हक्क आहे. काही वर्षांपूर्वी त्यासाठी वेगळं कलम घालण्यात आलं: कामाच्या ओघात बसायची संधी आली तर ती घेता यावी म्हणून प्रत्येक दुकानात कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय असली पाहिजे. पगार, रजा, जादा तास यांत मालकाच्या खिशाला हात लागतो. बसण्याला काय लागतं? एक स्टूल.

तिचे वडील, दिनकर, आवडी या गावी रणगाड्यांच्या कारखान्यात होते. त्यांनी हे जेवताना ऐकलं आणि घास थांबवला.

“बसायचा कायदा?” ते म्हणाले. “आमच्याकडे लोकांना उठवायचा कायदा करा म्हणून साहेब रडतात.”

पण तनयाला पास व्हायलाच हवं होतं, आणि याच वर्षी. संयुक्ता नावाच्या वकीलबाई इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांतल्या कामगारांचे खटले चालवत. त्यांनी जुलैपासून तनयाला हाताखाली घ्यायचं कबूल केलं होतं, पदवी हातात असेल तर. “पुढच्या वर्षी येते म्हणालीस,” त्यांनी बजावलं होतं, “तर जागा पुढच्या वर्षीच्या मुलीला जाईल. माझ्याकडे खुर्ची एकच आहे.”

तनया आधी टी. नगरच्या एका पाच मजली साड्यांच्या दुकानात गेली. तिथल्या मॅनेजरने तिला अगदी आनंदाने स्टुलं दाखवली. ती गोदामात होती, एकात एक घातलेली, वरून प्लास्टिक.

“यावर कोणी बसतं का?” तिने विचारलं.

“कसं बसणार?” मॅनेजर म्हणाला. “मळतील.”

तेव्हा तिला काकांचं दुकान आठवलं. घरचं माणूस, सांगितलं की करेल. कायद्याच्या अभ्यासात तिची पहिली मोठी चूक ही झाली.

महेशकाका तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. अण्णा नगरच्या एका आतल्या गल्लीत त्यांचं ‘कोयना स्टोअर्स’ होतं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुरडया, शेंगदाण्याची चटणी. बँकेत बदली होऊन आलेली माणसं, आयटीतली पोरं आणि आवडीच्या क्वार्टर्समधली कुटुंबं तिथे येत आणि आपापल्या गावची भाजणी कशी वेगळी असते ते सांगून हीच घेऊन जात. काउंटरमागे विद्यालक्ष्मी असे. पन्नाशीची, तंजावरकडची मराठी बाई. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत आले होते आणि येताना जी मराठी बरोबर आणली ती घरात तशीच वापरत होते, मध्ये मध्ये तमिळचं ठिगळ लावून. काका म्हणत, “बाई बखरीतलं बोलतात, पण वजन चोख करतात.”

दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत विद्यालक्ष्मी उभी असे. काकाही उभे असत. दुकानात खुर्ची नव्हती, बाकडं नव्हतं, आणि तेलाचे डबेसुद्धा छातीइतक्या उंचीच्या फळीवर होते. तनयाने हे लहानपणापासून पाहिलं होतं आणि आजवर तिला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

रविवारी ती काकांच्या घरी जेवायला गेली. जेवण झाल्यावर काका सोफ्यावर पाय पसरून बसले होते. तिने कलम सांगितलं.

“नाही,” काका म्हणाले.

“का पण? एक स्टूल तर ठेवायचं.”

“दुकान बसेल.”

कल्पनाकाकू आतून म्हणाल्या, “झालं. आता कराड निघणार.”

कराड निघालं. आजोबांचं तिथे किराणा मालाचं दुकान होतं. आजोबा दिवसभर गादीवर बसत. गिऱ्हाईक आलं तरी बसून, गेलं तरी बसून. मग समोर एक मोठं दुकान निघालं आणि दोन वर्षांत आजोबांचं बंद पडलं. काका तेव्हा शाळेत होते. शाळेत, देवळात, एस.टी. स्टँडवर जो भेटेल तो एकच वाक्य म्हणत असे: तुमचं दुकान बसलं म्हणे.

“काका, ते बसणं वेगळं,” तनया म्हणाली. “ते म्हणजे बंद पडणं. आजोबा बसत होते म्हणून नाही, समोर मोठं दुकान आलं म्हणून.”

“शब्द एकच आहे ना?”

“हो, पण—”

“मग.”

तनयाला कार्यकारणभावावर चार वाक्यं बोलायची होती. ती तिने मनातच ठेवली, कारण काका सलग बावीस वर्षं न बसता दुकान चालवत होते आणि दुकान चालू होतं. नमुना एकच असला तरी निकाल त्यांच्या बाजूने होता.

“कायदा आहे हा, काका.”

“मराठीत आहे का?”

“इंग्रजीत. आणि तमिळमध्ये.”

“मग तो इंग्रजीत आणि तमिळमध्ये पाळू.”

काका हे टाळायला म्हणाले होते. पण काकू हात पुसत बाहेर आल्या. “मग पाळा ना,” त्या म्हणाल्या. “तमिळमध्ये दुकान बसतं का, ते आधी विचारून बघू.”

दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या. दुकानात ‘बसणं’ हा शब्दच काढायला काकांची मनाई असल्यामुळे त्यांनी लांबून विचारलं. “विद्याक्का, एखादं दुकान पूर्वी चालायचं आणि आता चालत नाही, तर तमिळमध्ये काय म्हणतात हो?”

“कोणाचें दुकान?” विद्यालक्ष्मीने मेतकुटाची पुडी बांधता बांधता विचारलं.

“कोणाचंही. दुश्मनाचं.”

“पडुत्तुडुच्चु म्हणतात.”

“म्हणजे?”

“निजलें. आडवें झालें.”

“म्हणजे ते...” काकूंनी हाताने गुडघे दुमडल्याची खूण केली. “असं नाही होत?”

“नाहीं पा. तमिळांत दुकान नीट आडवेंच होतें. अर्धवट नाहीं राहत.”

काकांनी हे ऐकलं आणि बराच वेळ चटणीच्या बरण्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “ठीक आहे. तमिळमध्ये चालेल. पण दुकानात कोणी आडवं व्हायचं नाही.”

“कोण होतंय आडवं?” काकू म्हणाल्या.

“नियम म्हणजे नियम.”

अशा रीतीने ‘कोयना स्टोअर्स’मध्ये बसणं तमिळ भाषेपुरतं मान्य झालं. संध्याकाळी काका स्वतः जाऊन एक लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन आले आणि काउंटरमागे ठेवलं. विद्यालक्ष्मीकडे वळून, शाळेतल्या मुलाने पाठ म्हणावा तसं तमिळमधलं ‘बसा’ म्हणाले, “उक्कारुंगो.”

“नंद्री, मालक,” विद्यालक्ष्मीने आभार मानले आणि ती उभीच राहिली.

तनयाला वाटलं, होईल सवय. ती कॉलेज सुटलं की दुकानात येऊन थांबू लागली. स्टूल एकच असल्यामुळे आणि ते कर्मचाऱ्याचं असल्यामुळे तीही उभीच असे. स्टुलाचा उपयोग भराभर वाढला. वरच्या फळीवरच्या कुरडया काढायला विद्यालक्ष्मी त्यावर चढली. कुरिअरवाल्याने त्यावर खोकी ठेवली. एका गिऱ्हाइकाच्या मुलाने त्यावर बसून अख्खा राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि काकांनी श्वास रोखून धरला. पण मुलगा तमिळ निघाला. बाकी वेळ त्यावर मेतकुटाचा डबा असे. विद्यालक्ष्मी त्याच्या शेजारी उभी राही, डबा पडू नये म्हणून.

“विद्याक्का, आता गिऱ्हाईक नाहीये,” तनया हळूच म्हणे.

“येईल ना.”

“येईपर्यंत?”

“येईपर्यंत वाट पाहायची. ती उभ्यानें चांगली दिसते.”

एके दिवशी तनयाने सरळच विचारलं, तेव्हा विद्यालक्ष्मी काकांकडे हात करून म्हणाली, “मालक उभे असतां मी कशी बैसूं? वयानें, मानानें वडील आहेत.”

काकांनी ‘बैसूं’ ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो शब्द त्यांच्या मते बखरीतला होता, चालू वापरातला नव्हता.

“काका, मग तुम्ही पण,” तनया म्हणाली. “तमिळमध्ये. दुसरं स्टूल मी आणते.”

“मला जमणार नाही.”

“का?”

“मला तेवढं तमिळ येत नाही,” काका म्हणाले. ते खरं होतं. बावीस वर्षांत त्यांनी शंभरपर्यंत आकडे, ‘इल्लै’ म्हणजे ‘नाही’, ‘नाळैक्कु वरुम’ म्हणजे ‘उद्या येईल’, आणि आता हे ‘उक्कारुंगो’, एवढंच आत्मसात केलं होतं. “त्यांचं निम्मं आयुष्य त्या भाषेत गेलंय. त्यांना धकेल. मी खाली टेकलो की ते मराठीतच होणार.”

तनयाने घरी येऊन कलम पुन्हा वाचलं. त्यात मालकाच्या बसण्याबद्दल काहीच नव्हतं. मालकाला बसायचा हक्क द्यावा असं कोणत्याही विधिमंडळाला आजवर वाटलेलं नसावं.

सत्र संपत आलं. वर्गातल्या एकाने अंबत्तूरच्या एका वर्कशॉपमधल्या हेल्परला पगारी रजेवर पाठवून दाखवलं होतं. हेल्पर रजा घेऊन दुसऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला गेला, तरी सरांनी पास केलं, कारण रजेचं काय करायचं हा त्याचा प्रश्न होता. तनयाचा आकडा अजून शून्यावर होता. तिने राममूर्तींना पुढच्या गुरुवारची वेळ देऊन टाकली होती. सोमवारी संध्याकाळी ती विद्यालक्ष्मीबरोबर बस स्टॉपपर्यंत चालत गेली. विद्यालक्ष्मी विल्लिवाक्कमला राहत असे. ती दर थोड्या अंतरावर थांबून एक पाय दुसऱ्या पायावर घासत होती. घोट्यांवर सूज होती आणि सुजेवर पैंजणाचा वळ उमटला होता.

“दुखतात ना?” तनयाने विचारलं.

“पाय आहेत तर दुखतील.”

“मग मालक उभे असतात म्हणून बसत नाही, हे खरं नाही. काका गेल्या आठवड्यात बँकेत गेले होते, तेव्हाही तुम्ही उभ्याच होतात. मी पाहिलं.”

विद्यालक्ष्मी हसली. “बहु पाहतेस तूं. शिक्षण वाईट.” मग तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “यशराव काय म्हणाले ठाऊक आहे ना? मालकांचे चिरंजीव. दुकान कम्प्यूटरांत घालूं म्हणाले. गिऱ्हाइकानें घरीं बैसोन मागवायचें, गाडीवाल्यानें पोंचवायचें. मग काउंटरास बाई कशास?”

“तो नुसता बोलतो.”

“बोलतो तेंच आधीं होतें. ऐक. मी उभी असतें तोंवर मालकांस दिसतें, बाई कामांत आहे. बैसलें कीं दिसेल, बाई रिकामी आहे. पूर्वीं मी साड्यांच्या दुकानांत होतें, तेथें एक पोरगी बैसली होती. कोणी रागें भरलें नाहीं हो तिज. पण दिवाळी सरली, माणसें कमी करायचीं ठरलीं, तेव्हां मॅनेजरास पहिली तीच आठवली.” तनयाकडे वळून तिने विचारलं. “बैसली म्हणोन काढूं नये, असें आहे का तुझ्या पुस्तकांत?”

तनयाने मनातल्या मनात कलम सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. बसायची सोय करावी, इथपर्यंत ते येत होतं. बसल्यानंतर काय, याबद्दल ते गप्प होतं.

“सरळ असं नाही लिहिलेलं,” ती म्हणाली.

“तर मग मी उभी बरी.”

विल्लिवाक्कमची बस आली. विद्यालक्ष्मी चढली. बसमध्ये जागा होती आणि ती लगेच बसली, खिडकीपाशी, दोन्ही पाय समोरच्या दांड्यावर ठेवून. तनयाला ते स्टॉपवरून नीट दिसलं.

घरी जाताना ट्रेनमध्ये तिने पुष्कळ विचार केला. काकूंना सांगता आलं असतं, काकूंनी काकांना धारेवर धरलं असतं, गुरुवारी विद्यालक्ष्मी दोन मिनिटं टेकली असती, सर पास म्हणाले असते. आणि जुलैमध्ये तनया इरुंगाट्टुकोट्टैच्या कामगारांची बाजू मांडायला गेली असती, तेव्हा इकडे जे व्हायचं ते झालं असतं. प्रयोगशाळेत याला नमुना वाया जाणं म्हणतात. त्याचं तिथे कोणाला काही वाटत नाही.

बुधवारी ती दुकानात गेली. काका पलीकडे एका बँकवाल्याशी बोलत होते.

“विद्याक्का, उद्या माझे सर येतील,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्यासाठी बसू नका. जसं रोज असतं तसंच राहू दे.”

“मग तुझी परीक्षा?”

“पुढच्या वर्षी देईन.”

“आणि ती वकीलबाई?”

“ती दुसऱ्या मुलीला घेईल.”

विद्यालक्ष्मीने तराजूचं पारडं फडक्याने पुसलं, उलटं करून पुन्हा पुसलं. “बरें,” ती म्हणाली.

गुरुवारी प्रोफेसर राममूर्ती मेट्रोने आले, रुमालाने मान पुसत दुकानात शिरले आणि दारातच उभे राहिले. काका हात जोडून पुढे झाले. पाहुण्याला पहिला शब्द जो म्हणायचा तो त्यांना म्हणता येईना. त्यांनी मेतकुटाचा डबा उचलला, स्टूल काउंटरमागून ओढून आणलं, नॅपकिनने झाडलं आणि सरांच्या गुडघ्यांना टेकवलं.

“सर, प्लीज.”

“हे कोणाचं?” राममूर्तींनी तनयाला विचारलं.

“कर्मचाऱ्यांचं, सर.”

“मग मी कसा बसू? मी गिऱ्हाईक आहे.” त्यांनी स्टूल उचलून परत काउंटरमागे नेऊन ठेवलं.

सर उभे म्हणून तनया उभी. मालक उभे म्हणून विद्यालक्ष्मी उभी. काकू डबा पोहोचवायला आल्या होत्या, त्यांना निघता येईना म्हणून त्या उभ्या. पाच माणसांत एक स्टूल होतं आणि ते रिकामं होतं.

राममूर्ती विद्यालक्ष्मीशी तमिळमध्ये बोलू लागले. सोय आहे का? आहे. बसता का? नाही. का? विद्यालक्ष्मीने तनयाकडे एकदा पाहिलं, आणि मग सोमवारी बस स्टॉपवर जे सांगितलं होतं ते सगळं, पोरीसकट आणि दिवाळीसकट, त्यांना सांगितलं. तमिळमध्ये ते थोडक्यात झालं. राममूर्ती मान हलवत ऐकत होते.

“काय म्हणतायत?” काकांनी काकूंना विचारलं.

“म्हणतायत, त्या टेकल्या तर तुम्ही त्यांना काढून टाकाल.”

“मी?” काका म्हणाले. “कोणी सांगितलं?”

“यशने. दुकान ऑनलाइन घालायचं म्हणाला होता ना तो.”

“यशचं काय घेऊन बसलीस!” काका ओरडले, आणि आपण काय म्हणालो ते कळून त्यांनी पटकन काउंटरच्या लाकडाला हात लावला. “यश रोज काहीतरी म्हणतो. परवा म्हणाला, बाबा, भात सोडा. सोडला का मी भात? विद्यालक्ष्मीबाई, तुम्हाला काढून मी दुकान चालवू कसं? मला तमिळ येतं का?”

“येत नाहीं, हें मज ठाऊक आहे,” विद्यालक्ष्मी म्हणाली. “तुम्हांस ठाऊक आहे कीं नाहीं, तें ठाऊक नव्हतें.”

“आहे की! सगळ्या अण्णा नगरला ठाऊक आहे. तुम्ही कितीही... म्हणजे...” काका अडले. “उक्कारुंगो,” ते म्हणाले.

“तमिळांत नको, मालक.”

“का?”

“तमिळांत तुम्ही गिऱ्हाइकांस ‘उद्यां येईल’ म्हणतां. तें कधीं येत नाहीं.” विद्यालक्ष्मी हात बांधून उभी होती. “तुमच्या मराठींत सांगा. सरांसमोर सांगा. मग मी मानीन.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. राममूर्तींना मराठी येत नव्हती, तनया हळू आवाजात त्यांना सांगत होती, आणि त्यांचा चेहरा निकाल राखून ठेवलेल्या न्यायाधीशासारखा होता. काकांनी फळ्यांकडे पाहिलं. भाजणीकडे पाहिलं, चटणीच्या बरण्यांकडे पाहिलं, गणपतीच्या तसबिरीकडे पाहिलं. कराडच्या दुकानातलं यातलं काही नव्हतं. सगळं त्यांनी इथे उभं केलं होतं, उभ्याने.

मग त्यांनी काउंटरची झडप उचलली आणि ते दुकानाबाहेर गेले. तनयाला वाटलं, ते चालले. पण ते फूटपाथवर थांबले, वळून दुकानाकडे तोंड केलं, दोन्ही पाय उंबऱ्याच्या बाहेर आहेत ना हे खाली पाहून खात्री करून घेतली, आणि समोरचा इस्त्रीवाला दचकून पाहील इतक्या मोठ्याने म्हणाले:

“विद्यालक्ष्मीबाई, बसा! तुम्हाला कोणी काढत नाही! खुशाल बसा!”

विद्यालक्ष्मी बसली.

आणि दिसेनाशी झाली. काउंटर उभ्या माणसांसाठी केलेलं होतं, वर बरण्यांची रांग होती. ती बसली तशी पूर्ण त्याच्यामागे गेली. राममूर्तींना पुढे होऊन, बरण्या बाजूला करून, वाकून पाहावं लागलं. आत विद्यालक्ष्मी पाय लांब करून, पाठ फळीला टेकवून, डोळे मिटून बसली होती.

तेवढ्यात लॅपटॉपची बॅग लावलेला एक मुलगा दुकानात आला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. “काउंटरला कोणी नाही का?”

“आहे,” आवाज आला.

“कुठे?”

“बैसलें आहे.”

मुलाने हे मान्य केलं. “अर्धा किलो भाजणी हवी होती. थालीपिठाची.”

“मालक बाहेर उभे आहेत. त्यांस सांगा.”

काका आत आले, हात धुतले, भाजणी मोजली, पुडी बांधली. पुडी बांधायची त्यांना सवय राहिली नव्हती; दोरा दोनदा सुटला. मुलगा पैसे देऊन गेला. आत कोणी उठल्याची हालचाल झाली नाही.

“कलम म्हणतं, बसायची संधी आली तर,” राममूर्ती तनयाकडे वळून म्हणाले. “गिऱ्हाईक आल्यावर संधी संपली. मग हा हक्काचा वापर की कामचुकारपणा?”

हीच परीक्षा, हे तनयाच्या लक्षात आलं. “सर, गिऱ्हाइकाला भाजणी मिळाली,” ती म्हणाली. “काम अडलं नाही. काम न अडता माणूस बसलेला असेल, तर ती संधीच.”

“मालकांचं काम वाढलं.”

“मालकांनीच सांगितलं, सर. खुशाल, असं म्हणाले. त्या शब्दाला मराठीत मर्यादा नाही.”

राममूर्तींनी काकांकडे पाहिलं. काका दोऱ्याची गाठ सोडवत होते आणि दुकानात सगळं जागच्या जागी आहे का ते अधूनमधून तपासत होते.

“पास,” राममूर्ती म्हणाले. “काठावर. कारण बसण्याची सोय ‘सुयोग्य’ असावी, असा शब्द कलमात आहे, आणि त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.”

तनयाने भिंतीला हात टेकवला. काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

“सर काय म्हणाले?” काउंटरमागून विद्यालक्ष्मीने विचारलं.

“म्हणाले, स्टूल सुयोग्य पाहिजे,” तनयाने सांगितलं.

“खरें बोलले. हें नव्हे सुयोग्य. मज येथोन मालकांचीं कोपरें तेवढीं दिसतात, आणि गिऱ्हाइकास मी दिसत नाहीं. उंच हवें, पाय टेकायला दांडी असलेलें.”

“किती उंच?” काकांनी विचारलं. आवाज थकलेला होता, पण प्रश्न व्यवहाराचा होता.

“टेप आणा आणि माप घ्या,” विद्यालक्ष्मी म्हणाली. “पण मज उठायला सांगूं नका. आत्तांच बैसलें आहे.”